कॅफे रेसर केलेली गाडी तापली की बंद पडते: कुठून बघायला सुरुवात करायची

"गाडी गरम व्हयनी का बंद पडस, थंडी व्हयनी का परत चालू." मार्च ते जून हे वाक्य मला जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ कुठूनही ऐकू येतं. घरी जुन्या गाडीची कॅफे रेसर (सपाट सीट, खाली हँडल, उपटून हलकी केलेली गाडी) बनवलेली असते, रंग झकास असतो, पहिल्या आठवड्यात फोटोही काढून झालेले असतात. मग एक दिवस एरंडोल-पारोळ्याच्या मधे भर दुपारी गाडी झटके मारते आणि गप्प होते. आता मी पुढचं ऐकायच्या आधीच विचारतो: टाकीचं झाकण कुठलं बसवलंय?

बेस गाडी पल्सर असो, युनिकॉर्न असो, सीबीझेड, जुनी एफझी नाहीतर स्प्लेंडर, दोष बहुतेक वेळा आपण हात लावलेल्या जागीच निघतो. एअरबॉक्स (एअर फिल्टरची पेटी) कुठे, बॅटरी कुठे, रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करणारा डबा) कुठे, पेट्रोलच्या नळीला उतार किती, हे सगळं कंपनीने ठरवून ठेवलेलं असतं. सीट सपाट करायची आणि सीटखालचा मधला त्रिकोण रिकामा दाखवायचा म्हणून आपण ते उपटतो. त्यामुळे इंजिन खोलायच्या आधी कागद घ्या आणि गाडीत काय काय बदललं ते लिहून काढा. तपास त्या कागदावरून करायचा.

ही शैली जन्मली इंग्लंडात. 1950-60 च्या दशकात लंडनच्या एस कॅफेसमोरची पोरं शंभर मैलांचा वेग गाठायला गाड्या हलक्या करायची. तिथली हवा थंड, रस्ता मोकळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, पुढे सावद्याहून निघालेला केळीचा ट्रक आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये रखडलेली. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला तिथे हवाच मिळत नाही. म्हणून थंडीत लपून राहिलेला दोष उन्हाळ्यात वर येतो.

एक खुलासा: हे सगळं कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. तिथे सेन्सर आणि ईसीयूचा (गाडीच्या कॉम्प्युटरचा) मामला येतो, त्याबद्दल शेवटी.

आधी लक्षण नीट ओळखा

"बंद पडते" एवढ्यावरून काही कळत नाही. कशी बंद पडते ते महत्त्वाचं.

हळूहळू दम सोडते, रेस दिली तरी उचलत नाही, दोन-तीन झटके आणि मग बंद: बहुतेक पेट्रोल पोचत नाहीये.

स्विच बंद केल्यासारखी एका क्षणात बंद: स्पार्क गेला. वायरिंग, अर्थिंग (चेसिसमधून विजेची परतीची वाट), कॉईल किंवा पिकअप (स्पार्कची वेळ सांगणारा सेन्सर).

खड्ड्यात आदळल्यावर किंवा हँडल डावीकडे पूर्ण वळवल्यावर बंद: हा उष्णतेचा दोष नाहीच. क्लिप-ऑन (खाली बसणारं) हँडल लावल्यावर स्टिअरिंगच्या हेडपाशी वायरी ताणल्या जातात आणि आतून तुटतात. हेडलाइटमागचा जुडगा बघा आणि पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

चालताना ठीक, पण सिग्नलला स्लोवर (रेस न देता) बंद पडते आणि गरम असताना किकला दाद देत नाही: हवेची गळती किंवा टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटीची सेटिंग).

रेस सोडताना सायलेन्सरमधून फटफट, मधल्या रेसला अडखळणं, इंजिनाचा चटका मांडीला जास्त लागणं: मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी.

आणि सगळ्यात मोलाची गोष्ट: गाडी बंद पडली त्या क्षणीच तपासा. दोष पाच-दहा मिनिटांचाच पाहुणा असतो. रसवंतीवर बसून ग्लासभर रस पिऊन आलात की गाडी चालू होते आणि पुरावा गेलेला असतो. मेकॅनिककडे नेईपर्यंत तर ती शहाण्यासारखी वागायला लागते, आणि तो म्हणतो, "काही नाही भाऊ, मस्त चालतीय."

रस्त्याच्या कडेला, फुकटात

सावली बघा, गाडी स्टँडवर घ्या. टाकीचं झाकण हळूच उघडा आणि कान द्या. "स्सस्" करून हवा आत ओढली गेली, झाकण परत लावल्यावर मिनिटभरात गाडी चालू झाली आणि पुढे तेवढ्याच अंतरावर पुन्हा बंद पडली, तर चोर सापडला. झाकणाचं श्वासाचं छिद्र बंद आहे.

कारण सरळ आहे. पेट्रोल खाली जाईल तशी तेवढी हवा टाकीत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरकडे जाणारी धार बारीक होत होत थांबते. कॅफे रेसरमध्ये हे नेहमी का होतं? टाकी रंगायला देताना पुट्टी, प्रायमर आणि वरचा क्लिअर कोट त्या बारीक वाटेत जातो. नाहीतर दिसायला देखणं, चमकणारं फ्लिपचं झाकण लावलेलं असतं. स्वस्तातल्या काही झाकणांना छिद्रच नसतं, काहींना असतं पण आतलं रबर त्याच्यावर बसतं. झाकण काढून उजेडात धरा, रबर उचला, सायकलच्या पंपाने हवा मारा आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते का बघा. येत नसेल तर कंपनीचं झाकण शोधा. झाकण उघडं ठेवून किंवा फडकं कोंबून गाडी चालवू नका. ब्रेक मारला की पेट्रोल पुढे उसळतं, आणि खाली तापलेलं इंजिन असतं.

झाकणाचा दोष नसेल तर झाकण घट्ट लावा, पेट्रोल सांडलं असेल तर पुसा, वास जाऊ द्या आणि मगच स्पार्क बघा. प्लग काढायचा, कॅपमध्ये बसवायचा, त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवायची आणि सेल्फ मारायचा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग अधांतरी ठेवून सेल्फ मारू नका, त्याने सीडीआय (स्पार्क पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो. निळा-पांढरा, टच्चकन पडणारा स्पार्क असेल तर पेट्रोलच्या बाजूला जा. पिवळट, मरगळलेला किंवा गायब असेल तर विजेच्या बाजूला.

इंजिन ऑइलची पातळीही इथेच बघून टाका. जुन्या बेस गाड्या ऑइल पितात, आणि कमी ऑइलवर तापलेलं इंजिन स्वतःच जड होतं.

पेट्रोलची धार

हे घरी, इंजिन गार असताना करा. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडा, टाकीखालचा कॉक चालू करा आणि मिनिटभर बघत राहा. धार सुरुवातीला जोरात आणि मग थेंबथेंब होत असेल तर अडथळा आहे. मग झाकण उघडून पुन्हा बघा. फरक पडला तर झाकण, नाही पडला तर कॉकची जाळी, फिल्टर किंवा नळी.

नळीचा रस्ता डोळ्यांनी तपासा. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत ती सतत उतरती हवी. दुसऱ्या गाडीची टाकी बसवलेली असली की कॉक दुसऱ्या बाजूला येतो. मग नळी वळसा घालून सिलिंडर हेडच्या वरून नेलेली असते आणि मधे उंचवटा होतो. त्या उंचवट्यात पेट्रोलची वाफ अडकते आणि धार तुटते. पारदर्शक फिल्टर बरोबर हेडच्या डोक्यावर लोंबत असेल तर गाडी बंद पडल्यावर त्यात बुडबुडे नाचताना दिसतात. नळी आखूड करा, हेडपासून बाजूला घ्या, वर उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवा. खर्च नाममात्र.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. जुन्या रबरी नळ्या आणि कॉकमधली सील त्याने फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या प्रोजेक्टच्या टाकीत तळाला गंज धरतो. टाकीला आतून कोटिंग केलं असेल तर त्याच्या पापुद्र्यांकडेही लक्ष असू द्या. शिवाय इथेनॉलच्या मिश्रणाला हवा कमी लागते, म्हणजे आधीच लीन असलेला कार्बोरेटर त्यावर आणखी लीन चालतो. हा धागा पुढे पॉड फिल्टरपाशी (एअरबॉक्स काढून लावलेल्या उघड्या फिल्टरपाशी) लागेल.

प्लग आणि त्याची टोपी

प्लगचा रंग वाचा. फिकट विटकरी बरा, काळा काजळलेला म्हणजे पेट्रोल जास्त, खडूसारखा पांढरा म्हणजे लीन आणि गरम. गॅप मॅन्युअलप्रमाणे. टोपी वायरीवर पिळून बसवलेली असते. ती काढा, वायरीचं काळं पडलेलं टोक थोडं कापा आणि ताज्या तांब्यावर पुन्हा पिळा. संशय असेल तर नवीन प्लग टाका आणि पुढे चला.

अर्थिंग: सगळ्यात जास्त गाड्या इथे अडकतात

चेसिसला पावडर कोटिंग केलंय? मग हा भाग दोनदा वाचा.

पावडर कोटिंग म्हणजे भाजून घट्ट बसवलेलं प्लास्टिकच. वीज त्यातून जात नाही. गाडीची अर्धी वायरिंग मात्र चेसिस हीच परतीची वाट धरून चाललेली असते. कॉईलचा ब्रॅकेट, रेक्टिफायरची बॉडी, इंजिनाचे माउंट, सगळं चेसिसच्या उघड्या धातूला टेकायला हवं. कोटिंग करून आल्यावर आपण बोल्ट आवळतो. बोल्टाच्या आट्यांतून कुठेतरी थोडासा धातू धातूला लागतो आणि गाडी चालू होते. तेवढ्याशा जागेतून सगळा करंट जातो. जोड तापतो, काळा पडतो, त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि तो आणखी तापतो. पंधरा-वीस किलोमीटरनंतर सीडीआयला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही. गार झालं की जोड पुन्हा धरतो.

तो बोल्ट काढून वॉशरखाली बघा. चकचकीत काळ्या कोटिंगवर एक गोल ठसा असतो आणि त्याच्या कडेला नखाएवढ्या जागी तांबूस-निळसर डाग. तोच तुमचा जोड.

नजरेवर विसंबू नका, मोजा. चार-पाचशे रुपयांत साधा मल्टिमीटर मिळतो. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या खुद्द खांबाला, दुसरं इंजिनाच्या केसिंगवरच्या खरवडलेल्या धातूला. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग कच्चं आहे. हेच कॉईलच्या ब्रॅकेटवर आणि रेक्टिफायरच्या बॉडीवर करा. गाडी गार असताना मोजा आणि तापल्यावर पुन्हा मोजा. कोणता जोड खातोय ते तिथेच कळतं.

इलाज: जोडाखालचं कोटिंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर टाका, आवळा, मग वरून व्हॅसलीन लावा म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. शिवाय बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाच्या बोल्टापर्यंत एक स्वतंत्र जाड वायर ओढा. सेल्फ स्टार्ट असेल तर 6 चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. कोटिंगवाल्याकडे चेसिस देतानाच अर्थच्या जागा आणि आटे टेपने झाकायला सांगितलं असतं तर ही मेहनत वाचते, पण ते सहसा कुणाला आठवत नाही.

बॅटरी आणि रेक्टिफायर

बंद गाडीवर बॅटरी 12.6 च्या आसपास हवी, 12.2 च्या खाली गेली तर उपाशी आहे. इंजिन चालू करून रेस 3000-4000 आरपीएमला धरा: 13.5 ते 14.5 व्होल्ट यायला हवेत. सवारीहून आल्याबरोबर गरम असतानाही हेच मोजा. गार असताना 14.2 आणि गरम झाल्यावर 12.4 दिसलं तर रेक्टिफायर उष्णतेत हात वर करतोय.

आणि का नाही करणार? कंपनीने तो वाऱ्याच्या वाटेत, धातूवर बसवला होता. आपण तो सीटच्या कुबडात, बॅटरीला चिकटवून, वर फोम आणि रेक्झिनखाली कोंबला. त्याच्या पंखांना हवा लागली पाहिजे आणि पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी. स्विंगआर्मजवळ किंवा खालच्या बाजूला आणा, दिसला तर दिसला. गोल हेडलाइटमध्ये 35 वॉटऐवजी 60/55 चा बल्ब टाकला असेल तर तो काढा. छोट्या गाडीच्या स्टेटरला (वीज तयार करणाऱ्या भागाला) एवढं ओझं झेपत नाही, आणि बॅटरीवर चालणारा डीसी सीडीआय सगळ्यात आधी रुसतो.

15 व्होल्टच्या वर जात असेल तर गाडी लगेच बंद करा. बॅटरी उकळते, सीडीआय जातो.

पॉड फिल्टर

इथे माझं मत स्पष्ट आहे: खान्देशात उघडा पॉड फिल्टर शोभेचा. काळ्या मातीची पिठासारखी धूळ, कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ उडणारे तंतू. आठवड्यात फिल्टरवर चादर चढते, आणि स्वस्त फिल्टरच्या फोममधून धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. मधला त्रिकोण रिकामा दिसावा एवढ्यासाठी पिस्टन-रिंगा घासायच्या का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

तांत्रिक अडचण वेगळीच. युनिकॉर्न, पल्सरसारख्या गाड्यांत बऱ्याच ठिकाणी व्हॅक्यूमवर उचलणाऱ्या स्लाइडचा, म्हणजे सीव्ही कार्बोरेटर असतो. एअरबॉक्समधली शांत हवा गृहीत धरून त्याची जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) ठरवलेली असतात. बॉक्स काढला की हवा जास्त आणि अस्थिर येते, स्लाइड थरथरते, मधल्या रेसला खड्डा पडतो आणि मिश्रण लीन होतं. लीन मिश्रणावर इंजिन जास्त तापतं.

पारख सोपी. मधल्या रेसला गाडी अडखळत असताना चोक अर्धा ओढा. सुधारली तर लीन आहे. दुसरी खूण सातपुड्यात मिळते. तोरणमाळला चढताना हवा विरळ होते, म्हणजे मिश्रण आपोआप रिच (पेट्रोल जास्त) होतं. बाकीच्या गाड्या तिथे थोड्या मंदावतात. तुमची मोकळी पळायला लागली तर खाली शहाद्यात ती लीन होती.

जेटला हात लावायच्या आधी कार्बोरेटर आणि हेडमधला रबरी बूट बघा. पिळून वाकवला की बारीक चिरा दिसतात. इंजिन स्लोवर ठेवून त्या जोडावर स्प्रेच्या बाटलीने नुसतं पाणी फवारा. स्लो बदलला तर तिथून हवा शिरतेय. बरेच जण हे कार्ब क्लीनर मारून करतात. गरम इंजिनावर तो पेट घेतो, करू नका.

बूट ठीक असेल तर मेन जेट एक-एक पायरीने वाढवा आणि दर वेळी प्लग वाचा. जेटचं भोक सुईने मोठं करणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत. तसं केलेलं जेट पुन्हा कधीच सेट होत नाही, आणि नवीन काही फार महाग नसतं. सीटखाली जागा उरली असेल तर सरळ एअरबॉक्स परत बसवा, जेटही मूळचंच ठेवा.

कॉईल आणि पिकअप

वरचं सगळं झालं आणि तरी गरम झाल्यावर एका क्षणात स्पार्क जातोय, तर हे दोघे. कॉईल टाकीखाली हेडच्या अगदी वर सरकवली असेल तर आधी ती मागे घ्या.

ओममध्ये मोजा: एकदा गार, एकदा बंद पडल्याबरोबर, आणि मॅन्युअलशी ताडून बघा. गरम असताना आकडा थोडा वाढणारच, तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. 70 अंशांनी तापली तर पाव पटीच्या आसपास वाढ धरून चालायचं. पण आकडाच येत नसेल, मीटर ओपन दाखवत असेल, तर आतली तार तापल्यावर सुटतेय. ओममध्ये बरी दिसणारी कॉईलही कधीकधी दाबाखाली दगा देते, म्हणून त्याच मॉडेलच्या मित्राच्या गाडीची कॉईल लावून एक चक्कर मारणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. नवीन पार्ट अंदाजाने विकत आणू नका. दुकानदार विजेचा पार्ट परत घेत नाही.

टॅपेट

गरम असताना किक हलकी लागते, कॉम्प्रेशन नाही असं वाटतं, गार झाल्यावर नेहमीसारखी. टॅपेट फार घट्ट असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. सेटिंग नेहमी गार इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, फीलर गेजने. गेज हातात धरायची सवय नसेल तर मेकॅनिककडे द्या, अर्ध्या तासाचं काम आहे. "आवाज नको" म्हणून टॅपेट घट्ट करून घेणारे गिऱ्हाईक बरेच आहेत. थोडी टिकटिक असू द्या.

इथे पाना खाली ठेवा

प्लगच्या टोकावर ॲल्युमिनियमचे चमकदार कण दिसले, इंजिनातून धातूचा खडखड आवाज आला, किंवा तापल्यावर किकच जाम झाली: पिस्टन धरायला लागलाय. गाडी ढकलत न्या, सेल्फ मारू नका.

वायरिंगच्या जुडग्यात वितळलेलं प्लास्टिक दिसलं, किंवा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय: ऑटो इलेक्ट्रिशियन. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा सिगारेटची चांदी लावून चालवू नका. टाकीखाली आग लागली तर विझवायला वेळ मिळत नाही.

टाकी गळते: पेट्रोल भरलेल्या, किंवा नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीला घरी वेल्डिंग कधीच नाही. रिकामी टाकी वाफेने भरलेली असते आणि तीच जास्त धोक्याची. हे काम टाकी धुऊन, वाफ काढून करणाऱ्याकडेच द्या.

चेसिसचा मागचा लूप (सीटखालचा वाकवलेला पाइप) जिथे वेल्ड केलाय तिथे रंगात केसासारखी चीर दिसली तर गाडी त्याच दिवशी उभी करा. चेसिसचा जोड चांगल्या फॅब्रिकेटरकडून तपासून घ्या. इथे कायद्याचीही बाजू आहे: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या मूळ तपशिलात बदल करायला आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तेच अधोरेखित केलं. एमएच-19 (जळगाव) असो, 18 (धुळे) असो की 39 (नंदुरबार), चेसिस कापण्याआधी आरटीओत विचारा. अपघातानंतर विमा कंपनी हा प्रश्न काढतेच.

फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर झाकण, अर्थिंग आणि बॅटरी एवढंच घरी बघा. पुढचं स्कॅनर असलेल्याकडे.

मेकॅनिककडे जाताना तो बदलांचा कागद आणि मोजलेले आकडे बरोबर न्या: गार असताना किती व्होल्ट, गरम असताना किती, बंद पडल्यावर स्पार्क होता की नव्हता, झाकण उघडल्यावर काय झालं. आणि गाडी सकाळी गारव्यात नेऊन देऊ नका. दुपारी दोनला पाळधीपर्यंत पळवून, तापलेलीच त्याच्या दारात उभी करा.